सोसायटीचा पुनर्विकास: बिल्डर ठरवण्याआधीची कामे आणि नंतरची

सोसायटीत ‘रिडेव्हलपमेंट’ हा शब्द निघाला की पाठोपाठ प्रश्न येतो, ‘बिल्डर कोण?’ पुढचे निम्मे घोळ या एका प्रश्नाच्या घाईतून होतात. मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीत मी पहिल्या सभेपासून नव्या घराच्या चाव्या हातात येईपर्यंत होते. त्या अनुभवावरून सांगते, बिल्डर हा या कामातला बराच उशिरा येणारा माणूस आहे. जमीन, कागद आणि क्षेत्रफळ या तीन गोष्टी तुमच्याकडे पक्क्या असतील तर तो आला तरी बिचकायचे कारण नाही. त्या नसतील तर तो जे सांगेल तेच खरे मानावे लागते.

हा लेख मुख्यतः नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहे. चाळ, पागडी किंवा म्हाडा वसाहतीत राहत असाल तर पहिला टप्पा नीट वाचा, तुमची वाट तिथेच वेगळी होते.

१. आपली इमारत कोणत्या नियमात बसते ते आधी पाहा

मुंबईत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे, आणि पुनर्विकासाची बहुतेक कलमे नियम ३३ खाली येतात. म्हाडा वसाहतींसाठी ३३(५), मुंबई शहर भागातल्या (उपनगरे सोडून) उपकरप्राप्त म्हणजे सेस इमारतींसाठी ३३(७), साध्या खासगी सोसायट्यांसाठी ३३(७)(ब), समूह विकास म्हणजे क्लस्टरसाठी ३३(९), झोपडपट्टीसाठी ३३(१०). मुंबईबाहेर राज्याच्या बहुतांश भागात २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, चालते. त्यामुळे ठाण्याच्या भावोजींना किती टक्के जागा वाढवून मिळाली, यावरून मुंबईतला हिशेब मांडू नका.

सेस इमारतींत अ, ब, क असे वर्ग आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती अ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गात आणि सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क वर्गात. इथे मालक वेगळा आणि राहणारे भाडेकरू. ३३(७) मध्ये किमान ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते आणि प्रत्येक निवासी भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेटचे, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचे, घर द्यावे लागते.

क्लस्टरमध्ये एकेक इमारत न धरता रस्त्यांसकट अख्खा भाग नव्याने आखला जातो. भेंडी बाजारचे काम असेच चालू आहे. फायदा असा की एरवी पाच फुटांच्या गल्लीत अडकलेल्या इमारतींनाही रुंद रस्ता, पार्किंग आणि मोकळी जागा मिळते. तोटा उघड आहे: आपल्या सोसायटीतली माणसे एका सुरात बोलत नाहीत, तिथे शेजारच्या दहा इमारतींची मोट बांधायची. मुंबई शहर भागातल्या क्लस्टरला किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र लागते. तरीही तुमचा प्लॉट लहान आणि रस्ता अरुंद असेल तर निदान शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोलून पाहा. एकत्र आल्यावर आर्किटेक्टला हात-पाय हलवायला जागा मिळते.

एक फसवी गोष्ट. व्हॉट्सअॅपवर ‘७९-अ’ या नावाने वाटेल ते फिरत असते. सहकार कायद्यातले ७९-अ सोसायट्यांना लागू, म्हाडा कायद्यातले ७९-अ धोकादायक सेस इमारतींना. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. फॉरवर्ड वाचताना कायद्याचे नाव आधी बघा.

२. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, आणि ऑडिटरच्या मागे मागे फिरा

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीला पालिकेकडे स्थैर्य प्रमाणपत्र द्यावे लागते. हा खर्च टाळू नका. दुरुस्ती पुरेशी आहे की पाडावीच लागेल, याचा निकाल गच्चीवरच्या गप्पांत लागत नाही.

आमच्याकडे इंजिनिअर आला तेव्हा मी त्याच्याबरोबर तळमजल्यावरच्या प्रत्येक खांबापाशी उभी राहिले. तो छोट्या हातोडीने टकटक करायचा. पोकळ आवाज आला की खडूने गोल. एका खांबाचे प्लास्टर काढून काँक्रीटवर त्याने फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. जिथे काँक्रीट अजून क्षारधर्मी होते तिथे गडद गुलाबी रंग चढला आणि बाहेरचा दोन-तीन बोटांचा थर मात्र बिनरंगाचाच राहिला. म्हणजे कार्बोनेशन सळईपर्यंत पोचले होते. अशा काँक्रीटमध्ये सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. तुमच्या छतातून पडणारे पोपडे बहुतेक वेळा याच कारणाने पडतात, आणि वरून पुट्टी मारून ते थांबत नाहीत. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल आणि कोअर टेस्ट, या चाचण्यांचे आकडे अहवालात आहेत का ते पाहा. नुसत्या फोटोंचा अहवाल परत पाठवा.

पालिका इमारतीचे चार वर्ग करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे काही भाग किंवा सगळी रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. घाईत असलेला एखादा गट ‘सी-१ लिहून आणू’ असे सुचवतो. हे करू नका, कारण विरोधक दुसरा अहवाल आणतात, मग प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते आणि वाचवायला निघालेला वेळ तिथेच जातो. इमारत खरोखर सी-१ ठरून पाडावी लागली तरी घराचा हक्क जात नाही. पाडण्याआधी पालिका घरागणिक मोजमापे नोंदवते, त्या यादीची प्रत मात्र न विसरता घ्या.

३. जमीन कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न सभेत विचारला की बरेचजण म्हणतात, ‘आपल्याच.’ मग प्रॉपर्टी कार्ड काढले की त्यावर मूळ जमीनमालकाचे किंवा त्याच्या बापाचे नाव निघते. आपण फ्लॅट विकत घेतला, जमिनीचे हस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स झालेच नाही, अशा सोसायट्या ढिगाने आहेत. कन्व्हेयन्स नसेल तर जुना बिल्डर किंवा मालक उरलेल्या एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवर अजून करता येणाऱ्या बांधकामावर, हक्क सांगत उभा राहतो, नेमका तुमचा करार होण्याच्या तोंडावर.

उपाय आहे. मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याच्या कलम ११ मध्ये २००८ साली दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. आदेश हाती आला की पेढे वाटून लोक थांबतात, हा सापळा आहे. आदेशानंतर दस्ताचे मुद्रांक अभिनिर्णय (शुल्क किती ते ठरवून घेणे), मग नोंदणी, आणि मग प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचे नाव चढवणे, एवढे सगळे झाल्यावरच काम झाले. शेवटच्या पायरीसाठी सिटी सर्व्हे कार्यालयात खेटे घालावे लागतात. कोणीतरी निवृत्त, चिवट आणि चहा न घेता तासभर बसू शकणारा सभासद या कामाला नेमा.

४. फाइल तयार करा

सोसायटीच्या फाइलीत एवढे हवे:

- सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधी
- प्रॉपर्टी कार्ड, सातबारा असल्यास तोही, आणि सिटी सर्व्हेचा नकाशा
- कन्व्हेयन्सचा नोंदणीकृत दस्त
- मंजूर नकाशे, आयओडी (पालिकेची नकाशांना पहिली मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र)
- मालमत्ता कराची बिले
- विकास आराखड्यातला शेरा, म्हणजे डीपी रिमार्क
- अद्ययावत सभासद नोंदवही आणि शेअर सर्टिफिकेटांची यादी
- स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल
- मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल

जुने मंजूर नकाशे सापडत नसतील तर माहितीच्या अधिकारात पालिकेकडे मागा.

सभासदाने स्वतःची फाइल वेगळी करावी: नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, आधीच्या मालकांच्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, नामनिर्देशन, गृहकर्ज असेल तर बँकेचे पत्र. मूळ सभासद वारले असतील तर वारसांचा प्रश्न आत्ताच मिटवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे भावंडांना करारावर सही करायच्या दिवशी कळले की अख्ख्या इमारतीचे काम एका घरापायी अडते.

आता मोजमाप. माझ्या मते सगळ्यात जास्त भांडण वाचवणारे काम हेच. बिल्डरचा कागद येण्याआधी सोसायटीने स्वतःच्या खर्चाने प्रत्येक घर लेझर मीटरने मोजून घ्यावे आणि सभासदाची सही घेऊन तक्ता कायम करावा. बंद केलेली बाल्कनी, ग्रिलमध्ये ओढलेला ओटा, जिन्याखालची अडगळ, हे सगळे लोक आपल्या क्षेत्रफळात धरतात. मंजूर नकाशात जे आहे तेच बहुधा धरले जाते. हे शेजारच्या काकूंना आज सांगितले तर त्या आठवडाभर बोलणार नाहीत, करारानंतर कळले तर कोर्टात जातील.

५. पहिली विशेष सर्वसाधारण सभा

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९-अ खाली शासनाने आधी ३ जानेवारी २००९ ला आणि नंतर सुधारून ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली. ती मराठीत आहे, छापून प्रत्येक घरात द्या. थोडक्यात:

किमान एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की समितीने दोन महिन्यांत विशेष सभा बोलवायची. नोटीस १४ दिवस आधी. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश. पुनर्विकासाचा निर्णय एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के संमतीने. हजर असलेल्यांच्या ५१ टक्के नव्हेत, एकूण सभासदांच्या. सभेचे व्हिडिओ चित्रीकरण करायचे आणि इतिवृत्त सगळ्यांना द्यायचे.

न्यायालयांनी हे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे मानले आहेत, अगदी प्रत्येक स्वल्पविरामाला बांधील नाहीत. म्हणून ‘कशाला एवढी झंझट’ म्हणणारा एक तरी सभासद निघतोच. त्याला सांगा, पुढे कोणी वाद उकरला तर न्यायाधीश आधी हेच विचारणार की सभा नीट झाली होती का.

चित्रीकरणाचे एक सांगते. कॅमेरा व्यासपीठाकडे न लावता सभासदांकडे लावा, आणि हात वर झाले की फ्लॅट नंबर मोठ्याने वाचायला लावा. नाहीतर हाती उरते ते सेक्रेटरीच्या चेहऱ्याचे दोन तासांचे चित्रीकरण.

६. पीएमसी नेमा आणि स्वयंपुनर्विकासाचा विचार निदान एकदा करा

प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे पीएमसी, हा तुमचा माणूस. त्याची फी सोसायटीने द्यावी. ‘माझे पैसे बिल्डरकडून घेईन, तुम्हाला भुर्दंड नको’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून वाटेला लावा. ज्याच्याकडून पैसे त्याच्याकडून तो बोलणार.

पीएमसी फिजिबिलिटी अहवाल देतो: प्लॉट किती, रस्ता किती रुंद, मूळ एफएसआय, प्रीमियम भरून मिळणारा, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला विकास हक्क), ३५ टक्के फंजिबल म्हणजे भरपाईपोटीचा जादा एफएसआय, ३३(७)(ब) चा प्रोत्साहनपर वाढीव भाग. हा शेवटचा भाग सध्याच्या बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौरस मीटर, यांपैकी जे जास्त ते. लहान घरांच्या सोसायटीला दुसरा पर्याय फायद्याचा पडतो. विमानतळाची उंची मर्यादा, किनारा नियमन क्षेत्र, रस्तारुंदीत जाणारी जागा, हे अहवालात नसेल तर तो अपुरा आहे.

याच अहवालावरून स्वयंपुनर्विकास परवडतो का तेही काढून घ्या. बिल्डर न घेता सोसायटीनेच कंत्राटदार नेमून बांधायचे, विक्रीच्या घरांतला नफा सभासदांत राहतो. शासनाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने यासाठी १० टक्के जादा एफएसआयसह सवलती दिल्या, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अशा प्रकल्पांना कर्ज देते. सोसायटी लहान, एकोप्याची आणि हिशेब सांभाळणारी दोन-तीन भरवशाची माणसे असतील तर हा मार्ग उत्तम. पाणीपट्टीवरून हमरीतुमरी होत असेल तर नको.

७. टेंडर आणि विकासकाची निवड

टेंडरमध्ये तुलना करता येईल असेच रकाने ठेवा. सगळ्या बोली एकाच मोजपट्टीवर: रेरा कार्पेटमध्ये (रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा, त्याच्या व्याख्येप्रमाणे) किती क्षेत्र, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी किती, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायचे भाडे किती आणि दरवर्षी किती वाढणार, शिफ्टिंग, ब्रोकरेज, पार्किंग, मुदत.

‘४० टक्के जास्त’ हे वाक्य ऐकले की विचारा, कशावर आणि कशात? समजा तुमचे घर ४५० चौरस फूट कार्पेट. ४० टक्के वाढ म्हणजे ६३० व्हायला हवे. बिल्डरच्या नकाशात ६३० भरतात, पण त्यात ५० फूट बाल्कनी धरलेली असते. रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही. म्हणजे मिळाले ५८०, वाढ २९ टक्के. सगळ्यात मोठ्या आकड्याला भुलणाऱ्यांना हे फळ्यावर मांडून दाखवा. शिवाय फिजिबिलिटी अहवाल जे परवडत नाही म्हणतो ते कोणी देऊ करत असेल तर तो काम अर्धवट टाकेल किंवा करारानंतर हात आखडेल.

बोली लावणाऱ्याचे पूर्ण झालेले पुनर्विकासाचे प्रकल्प प्रत्यक्ष पाहा, तेही त्याने न नेता. तिथल्या वॉचमनशी आणि जुन्या सभासदांशी बोला: भाडे वेळेवर यायचे का, ओसी मिळाली का, गळती आहे का. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचे चालू प्रकल्प आणि वाढवून घेतलेल्या मुदती दिसतात. समिती सदस्याचा नातेवाईक विकासक असता कामा नये.

निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी बोलवायचा असतो, गणपूर्ती आणि ५१ टक्क्यांचा हिशेब इथेही तोच.

८. विकास करारनामा: इथे घाई केली की सगळे मुसळ केरात

सोसायटीचा स्वतःचा वकील नेमा. बिल्डरचा मसुदा येईल तो बिल्डरच्या बाजूचाच असणार, त्यात राग मानण्यासारखे काही नाही. तुम्ही काय घालून घ्यायचे ते बघा.

बँक गॅरंटी: २०१९ च्या निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची आहे. बिल्डर हमखास यावर घासाघीस करतो आणि त्याऐवजी काही फ्लॅट तारण देतो म्हणतो. न बांधलेला फ्लॅट हे कसले तारण? थोडी कमी का असेना, बँकेचीच गॅरंटी घ्या, आणि तिची मुदत ओसीपर्यंत हवी.

कर्ज: विकासकाला कर्ज काढायचे असेल तर ते फक्त विक्रीच्या भागावर. सोसायटीची जमीन आणि सभासदांची घरे गहाण पडणार नाहीत हे स्वतंत्र कलमात.

कुलमुखत्यारपत्र: परवानग्या घेण्यापुरते एक, विक्रीचे फ्लॅट विकण्याचे दुसरे, आणि दुसरे सीसी मिळाल्यावर.

मुदत: निर्देशांत दोन वर्षे, अपवादात्मक स्थितीत तीन. उंच इमारतीला विकासक जास्त मागेल. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची हे लिहा. ‘सर्व परवानग्या मिळाल्यापासून’ असे असेल तर घड्याळ कधी सुरूच होत नाही. उशिराचा दंड आणि किती उशिरानंतर करार रद्द करता येईल, दोन्ही आकड्यांत.

उद्या नियम बदलून जादा एफएसआय मिळाला तर त्यातला वाटा सोसायटीला किती, जीएसटी कोण भरणार, नवी घरे कोणत्या मजल्यावर, पार्किंग कसे वाटणार, पाण्याची टाकी आणि लिफ्ट विक्रीच्या विंगशी सामाईक आहे का, हेही करारातच हवे. घरवाटपाचा वाद मिटत नसेल तर सर्वांसमोर चिठ्ठ्या टाका.

प्रत्येक सभासदाचा पर्यायी कायमस्वरूपी जागेचा करार, म्हणजे पीएएए, वेगळा करून नोंदवून घ्या. त्याला घराचा नकाशा जोडलेला असावा. विकास करारावर मुद्रांक शुल्क भरलेले असताना सभासदांच्या या करारावर पुन्हा तेच शुल्क लागत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. तुम्ही विकत घेतलेल्या जादा क्षेत्रावर मात्र ते लागते.

९. घर रिकामे करताना

किल्ली देण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात: नोंदणीकृत विकास करार, तुमचा पीएएए, बँक गॅरंटी, आणि आयओडी मंजूर नकाशासह. तो नकाशा करारातल्या नकाशाशी स्वतः ताडून पाहा. बेडरूमची भिंत नऊ इंच सरकलेली असते आणि ते कोणी सांगत नाही.

भाड्याचे पहिल्या वर्षाचे पैसे आगाऊ आणि पुढचे चेक तारखा टाकून घ्यायची पद्धत आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ट्रान्झिट भाड्यावर टीडीएस कापण्याची गरज नसल्याचे म्हटले, विकासक कापू लागला तर त्याला हे दाखवा. भाड्याचे घर शोधताना मुलांची शाळा आणि आजी-आजोबांचे डॉक्टर यांच्या जवळ शोधा, आणि सगळी इमारत एकाच महिन्यात बाहेर पडते तेव्हा परिसरातली भाडी चढतात, म्हणून लवकर.

एखाद-दुसरे घर अडून बसतेच. आधी समितीतल्या वयस्कर माणसाने जाऊन खरे कारण ऐकावे. पुष्कळदा ते क्षेत्रफळाचे नसतेच, भावाशी वाद असतो किंवा कर्ज थकलेले असते. बोलून सुटले नाही तर न्यायालय आहे. नियमाप्रमाणे झालेल्या बहुमताला मूठभरांनी रोखून धरू नये अशीच उच्च न्यायालयाची भूमिका राहिली आहे.

१०. बांधकाम ते ताबा

समिती संपली असे समजू नका. पीएमसीकडून दरमहा लेखी अहवाल घ्या आणि तो सगळ्यांच्या ग्रुपवर टाका. अफवा माहितीच्या अभावी पसरतात. सभासदांच्या विंगचे काम विक्रीच्या विंगच्या मागे पडत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

ओसीशिवाय ताबा घेऊ नका. ‘फर्निचर करून घ्या, ओसी पंधरा दिवसांत येते’ असे सांगून किल्ल्या वाटल्या जातात. त्या घेतल्या की भाडे बंद होते, आणि ओसीची निकड तुमच्याशिवाय कोणाला उरत नाही.

ताब्याच्या दिवशी लेझर मीटर पुन्हा न्या. प्रत्येक नळ सोडा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार कुठे जातो ते पाहा, सगळे प्लग पॉइंट तपासा आणि त्रुटींची यादी करून विकासकाच्या माणसाची सही घ्या. कॉर्पसचे पैसे आले की लगेच ठेवीत टाका. लिफ्ट, पंप आणि अग्निशमन यंत्रणेमुळे नव्या इमारतीचा मेंटेनन्स जुन्याच्या कितीतरी पट येतो आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांना तो पहिल्याच बिलाला जड जातो.

बांधकामातल्या दोषांसाठी रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांची जबाबदारी विकासकावर आहे. जुन्या सभासदांच्या घरांना तिचा लाभ मिळण्याबाबत वाद घातला जातो, म्हणून तेच पाच वर्षांचे कलम विकास करारातही शब्दशः लिहून घ्या. ओल दिसली तर साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगून सोडू नका. फोटो, तारीख आणि फ्लॅट नंबर टाकून विकासकाला ईमेल करा, प्रत सोसायटीला आणि पीएमसीला.